समुद्रात उतरावे काय?

नाताळची सुट्टी पंधरवड्यावर येऊन ठेपली म्हणजे आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एकच वाद रंगतो. सहल कोकणात न्यावी याविषयी कोणाचे दुमत नसते. आम्ही पडलो घाटावरचे लोक. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे दात वाजू लागतात. विहिरीचे पाणी उबदार असले तरी त्यातून बाहेर निघण्याचा धीर होत नाही. आणि त्याच वेळी घाटाखाली समुद्र मात्र कोमट पाण्याचे घंगाळ भरून आमची वाट पाहत असतो. वाद होतो तो यापुढचा. तेथे गेल्यावर पाण्यात उतरावे की नाही? मुलांच्या मते हा प्रश्नच नव्हे. समुद्रावर जाऊन कोरडे परतणे म्हणजे पंगतीत बसून उपाशी उठणे. पालकांच्या मतेही हा प्रश्न नव्हे. ज्याला पाहून छातीत धस्स होते त्याच्या जवळ जावेच कशाला? शाळेने तर निकाल पूर्वीच लावून टाकला आहे. सहलीच्या संमतिपत्रकावर सहावी ओळ अशी आहे : ‘विद्यार्थी कोणत्याही परिस्थितीत पाण्यात उतरणार नाही.’ तिच्याखाली वडिलांची सही, विद्यार्थ्याची सही आणि वर्गशिक्षकांची सही. या तीन सह्यांस समुद्राने कधी मान दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गेली कित्येक वर्षे या सहलींबरोबर जाण्याचे काम आमच्याकडे आहे, आणि त्या अनुभवावरून या वार्षिक अंकात चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे भांडण दोघांशीही आहे. किनारा दिसताच सदरा फेकून धावणाऱ्यांशी ते आहेच, पण त्या सहाव्या ओळीशीही आहे.

प्रथम डिसेंबरच्या समुद्राविषयी बोलले पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. आषाढात समुद्रात उतरावे काय, असे कोणी विचारीत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावाचून जुने कोळी होडी पाण्यात लोटीत नसत. त्या दिवसांत समुद्राचा चेहराच सर्व काही सांगून टाकतो. लहान मूलसुद्धा आईचा पदर सोडीत नाही. डिसेंबरात मात्र तोच समुद्र निळा, स्वच्छ आणि घरगुती होऊन बसतो. वारा जमिनीवरून मंद वाहतो, पाण्याची उष्णता २७-२८ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि लाटा पायाशी येऊन अशा विरतात की जणू मांजराने अंग घासावे. उत्तर हिंदुस्थानातून, युरोपातून, रशियातून माणसे याच महिन्यात गोव्यास येतात, ती काही वेडी नव्हेत. हिवाळ्यात अंगावरचे लोकरीचे कपडे उतरवून समुद्रस्नान करावयास मिळणे हे उष्ण कटिबंधाचे मोठेच देणे आहे, आणि ते आमच्या दारापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

तथापि माणसे बुडतात ती याच दिवसांत पुष्कळ. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले बाराहून अधिक विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. पावसाळा सरून चार महिने होऊन गेले होते. ज्या घरांनी त्या दिवशी सकाळी डबे बांधून दिले, त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि आमच्या संमतिपत्रकावरील सहावी ओळही त्याच वर्षी आली, एवढेच नमूद करतो.

आता आमच्या मुलांकडे वळू. आमच्याकडील बहुतेक मुले पोहणे शिकतात ती विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाही तर वाळका भोपळा बांधावा, काकाने नाही तर थोरल्या भावाने वरून ढकलून द्यावे, दोन-चार गटांगळ्या खाव्यात, आणि आठ दिवसांत बिंडा सुटावा, अशी ही शाळा. हिच्यातून निघालेला मुलगा पंधरा हातांवरून सूर मारतो, मुटका मारून काठावरच्या बायांच्या घागरी भिजवितो, तळातली माती मुठीत घेऊन वर येतो. गाव त्यास पट्टीचा पोहणारा म्हणते आणि ते खोटेही नसते. पण विहिरीच्या पाण्यास एक मोठा गुण आहे, तो त्याच्या ध्यानात कधी येत नाही : ते पाणी जागचे हलत नाही. दमलास तर चार हातांवर कपार आहे. दगडी पायरी जेथे सकाळी होती तेथेच संध्याकाळी सापडते. समुद्राचे तसे नाही. येथे माणूस पोहत असतो आणि पाणीही आपल्या वाटेने चाललेले असते. दोघांच्या दिशा एकच असतील असा करार झालेला नसतो.

पाण्याच्या या वाटा दोन प्रकारच्या आहेत. एक भरती-ओहोटीची. ती सर्वांस ठाऊक असते, पण हिशेबात कोणी घेत नाही. आमच्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून आजची भरती उद्या अदमासे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, म्हणजे पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा ही उलाढाल कमी असते. कोकणात जुन्या माणसांचा एक आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. स्थळपरत्वे थोडा फरक पडतो, परंतु घड्याळ नसलेल्या होडीवाल्यांनी याच त्रैराशिकावर पिढ्यान्पिढ्या होड्या हाकल्या. आमचे विद्यार्थी पाऊणकीचा पाढा का पाठ करावा म्हणून कुरकुरतात, त्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरी वाट अधिक कपटी. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जावयास रस्ता शोधते. वाळूच्या दोन बांधांमध्ये जेथे खोलगट चर असेल तेथून ते नदीसारखे समुद्राकडे धावते. त्या अरुंद पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, फेस नसतो. दोन्ही बाजूंस पांढऱ्या लाटा उसळत असता मधला हा पट्टा शांत व सपाट दिसतो. नवखा माणूस काय करतो? लाटांना भिऊन नेमका त्या शांत जागी उतरतो. एरवी ही ओढ सेकंदास हात-दीड हाताची असते, पण कधी कधी ती सेकंदास दोन मीटरांच्याही पुढे जाते. हौशी पोहणारा जीव तोडून पोहला तरी सेकंदास मीटरभर अंतर कापील. ऑलिंपिकमधील वीरास दोन मीटरांचा वेग साधतो, तोही मिनिटभरच. तेव्हा अशा ओढीत किनाऱ्याकडे तोंड करून हात मारीत राहणारा मनुष्य आपल्या जागी हात मारीत राहतो आणि दमतो. आणि दमलेला बुडतो. पायाखालची वाळू सरकली, असे आपण मराठीत संकटाच्या वेळी म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम काढिला तो अशाच पाण्यात गुडघाभर उभा असला पाहिजे.

यातून सुटण्याची युक्ती सोपी आहे, मात्र ती आधी ठाऊक पाहिजे. ओढीशी झुंजू नये. पाठीवर पडून तरंगावे, हात वर करून मदत मागावी, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर असे बाजूस पोहत जावे. हा पट्टा बहुधा काही मीटरच रुंद असतो, त्यातून बाहेर पडल्यावर लाटाच माणसास काठाकडे आणतात. पाहणाऱ्यांनीही एक गोष्ट जाणली पाहिजे. बुडणारा मनुष्य नाटकातल्याप्रमाणे ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडत नाही. त्याचे तोंड श्वासासाठी धडपडत असते, शब्दासाठी त्यात जागा नसते. चार हातांवर कोणी मुकाट्याने बुडत असता शेजारचे हसत-खिदळत राहिले, असे पुष्कळदा घडते. आणि हे लक्षात आल्यावर मित्राच्या मागे तशीच उडी घेणारा दुसराही जातो. दोरी, फुगवलेला चेंडू, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. उडी फेकू नये.

पोहणे उत्तम येत असले म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांस आम्ही दोन दाखले देतो. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट यांस समुद्रात पोहण्याचे व बुड्या मारण्याचे वेड होते. तिकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. १७ डिसेंबर १९६७ रोजी ते व्हिक्टोरियातील चेव्हियट नावाच्या किनाऱ्यावर, परिचयाच्या पाण्यात, समुद्र खवळलेला असता उतरले. ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांचा देहही मिळाला नाही. पुढे मेलबर्न शहरात त्यांच्या नावाने जे स्मारक उघडले ते पोहण्याच्या तलावाचे, ही नियतीची थट्टा म्हणावी की लोकांचे प्रेम, ते वाचकांनी ठरवावे. दुसरा दाखला आमच्या देशातील. कलकत्त्याच्या आरती साहा यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा यत्न केला. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर राहिला असता उलट ओढ लागली आणि त्यांस पाण्याबाहेर यावे लागले. त्यानंतर महिन्याभराने, २९ सप्टेंबर रोजी, त्या पुन्हा उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पलीकडे पोहोचल्या; खाडी पोहून जाणारी आशियातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव झाले. आम्ही मुलांस ही गोष्ट सांगतो तेव्हा ती सप्टेंबरची म्हणून ऐकतात. आम्हांस तीतील ऑगस्ट अधिक आवडतो. किनारा दिसत असता मागे फिरणे त्या बाईंस किती जड गेले असेल!

हे सर्व आम्हांस मुखोद्गत होते, आणि तरीही गेल्या नाताळात प्रत्यक्ष निर्णयाची वेळ आली तेव्हा आमची जी त्रेधा उडाली, ती सांगितल्यावाचून या लेखास अर्थ नाही.

नववी-दहावीचे बावीस विद्यार्थी घेऊन आम्ही मालवणच्या दक्षिणेस एका गावी उतरलो होतो. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. संध्याकाळचे पाच वाजले होते. दिवसभराच्या मोटार-प्रवासाने मुले आंबून गेली होती, आणि पुढे सोन्यासारखे पाणी पसरले होते. खाडीच्या मुखाकडे काठावर एक वयस्क होडीवाले जाळे शिवीत बसले होते. आम्ही त्यांस नमस्कार करून विचारले, “काका, मुलांना जरा पाण्यात सोडले तर चालेल ना?” त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, “मास्तरांनू, हंय उतरू नकात. पाणी वडता.”

एवढेच. खरे म्हणजे येथे प्रश्न संपावयास हवा होता. परंतु आमच्यापासून शंभर पावलांवर दहा-बारा पाहुणे मंडळी पाण्यात होती. कोणी गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून छायाचित्रे काढीत होते, कोणी पोराला खांद्यावर घेऊन नाचत होते. आमच्या तुकडीत एक विद्यार्थी होता, त्याने जिल्ह्याच्या जलतरण स्पर्धेत दोन वर्षे लागोपाठ पदक मिळविलेले. तो पुढे आला. उद्धटपणाचा लवलेश नव्हता. तो म्हणाला, “सर, मला पोहता येतं हे तुम्हांला ठाऊक आहे. ज्यांना येत नाही ते बघा पाण्यात आहेत. मग मी का नाही?”

या प्रश्नास आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. संमतिपत्रकाची सहावी ओळ दाखवावी, तर ते उत्तर नव्हे, ती पळवाट होती. शिवाय ती ओळ आम्हांस स्वतःसही पटत नव्हती, आणि होडीवाल्यांस आम्ही नुकताच केलेला प्रश्न त्याने ऐकिला होता. आमच्या मनात त्या क्षणी जे विचार आले ते सर्वच शोभण्याजोगे नव्हते. काही झाले तर वर्तमानपत्रात नाव येईल, नोकरी जाईल, हा विचार मुलाच्या जिवाच्या विचाराआधी आला असे कबूल केले पाहिजे. मग वाटले, की हे म्हातारे प्रत्येकासच असे सांगत असतील. मग वाटले, की ही पाहुणे मंडळी तर सुखरूप आहेत! मनुष्याच्या बुद्धीस मोह पडतो तेव्हा ती किती चटकन वकिली करू लागते! समोर दहा माणसे पाण्यात आहेत, एवढ्यावरून ते पाणी बरे असे ठरवावयास आम्हीही निघालो होतो. त्या दहांपैकी एकाने तरी कोणास विचारले होते काय, हे आम्हांस कोठे ठाऊक होते?

शेवटी आम्ही त्या मुलासच म्हटले, “आज तिथी कोणती?” कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवर पाहता चतुर्थी निघाली. “पाऊणपट कर.” “तीन.” “म्हणजे तीन वाजता भरती पूर्ण झाली. आता पाच. पाणी कोणीकडे चालले आहे?” त्याने खाडीच्या मुखाकडे पाहिले. एक माडाची झावळी पाण्यावरून समुद्राकडे जात होती. कोणी वल्हवीत नव्हते, वाराही तसा नव्हता, आणि ती बऱ्याच लगबगीने जात होती. सारी खाडी दोन तासांपासून त्या अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होत होती. तो काही बोलला नाही. आम्ही ‘आज नाही’ म्हणून सांगितले आणि सर्वांस वाळूवर बसविले.

येथे कादंबरीकार असता तर त्याने पाहुण्यांपैकी एकास त्या ओढीत सापडविले असते आणि आमच्या शहाणपणाची द्वाही फिरविली असती. तसे काही घडले नाही. ती मंडळी आणखी तासभर पोहली, हसत-खेळत बाहेर आली, त्यांनी भजी खाल्ली आणि गाडीत बसून निघून गेली. सूर्यास्त फार सुंदर झाला. आमची बावीस मुले बूट-मोजे घालून वाळूवर बसली होती आणि त्यांच्या कोरड्या अंगांकडे पाहून आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. मागील बाकावरून आलेला ‘भित्रा’ हा शब्दही आम्ही ऐकिला. तो आम्हांस उद्देशून होता की त्या पदकवाल्यास, ते कळले नाही. रात्री जेवताना तो मुलगा आमच्याशी बोलला नाही.

आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. पाण्यात उतरून संकट ओढवले तर निर्णय चुकला हे साऱ्या जगास दिसते. न उतरण्याच्या निर्णयास मात्र कधी पुरावा मिळत नाही. उद्या कोणी विचारील, ‘तुम्ही नाही म्हणालात, त्याने कोणाचा जीव वाचला?’ तर आम्हांस बोट दाखविण्यास कोणी नाही. कदाचित बावीसच्या बावीस मुले हसत बाहेर आली असती. याच कारणाने हा निर्णय तरुण मनास कठीण जातो. शौर्यास प्रेक्षक असतात, सावधगिरीस ते मिळत नाहीत. वर मित्रांची कुचेष्टा वाट्यास येते. सोळा वर्षांच्या मुलास समुद्राहून आपल्या सोबत्यांचे अधिक भय वाटते, आणि कित्येक जण त्या भयापायीच पाण्यात उतरतात, असे आमचे निरीक्षण आहे. त्यांस भित्रे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी काय झाले तेही सांगतो, नाही तर आम्ही त्या सहाव्या ओळीचेच पुरस्कर्ते ठरू. सकाळी आम्ही पुन्हा त्याच होडीवाल्यांकडे गेलो. या वेळी प्रश्न बदलला. ‘उतरू का’ असे न विचारता ‘कोठे व केव्हा उतरावे’ असे विचारले. त्याबरोबर मनुष्यच बदलला! जाळे बाजूस ठेवून ते उठले. खाडीमुखापासून दीड मैल उत्तरेस एक जागा त्यांनी सांगितली, ओहोटी सरून पाणी चढू लागले म्हणजे अकराच्या सुमारास या म्हणाले, आणि अकरा वाजता आपल्या पुतण्यास घेऊन स्वतः हजर झाले. पुतण्याने रिकाम्या डब्यास बांधलेली लांब दोरी आणली होती. मुलांच्या जोड्या पाडल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर नजर ठेवावयाची. कमरेच्या पुढे कोणी जावयाचे नाही, आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी झाली की हात वर करून मोजून घ्यावयाचे. बावीसपैकी आठांस पोहता येत नव्हते. त्यांनीही लाटांत लोळण घेतली. एका मुलीने जन्मात प्रथमच समुद्राचे पाणी चाखले आणि ते खरोखरीच खारट आहे, पुस्तकात लिहिले आहे तितके खारट आहे, असे तिने सर्वांस बोलावून बोलावून सांगितले. पदकवाल्यास आम्ही काठाला समांतर पोहावयास लाविले. तो शंभर हात गेला, परत आला, आणि म्हणाला, “सर, इथंसुद्धा थोडं ओढतंच.” आम्हांस त्याच्या पदकापेक्षा ते वाक्य मोलाचे वाटले.

हे सर्व संमतिपत्रकाच्या विरुद्ध झाले याची आम्हांस जाणीव आहे आणि ते आम्ही कोणापासून लपविलेले नाही. परतल्यावर दोन पालकांची पत्रे आली. एकांनी विचारले होते की, आपण लेखी कबूल केले असता मुलांस पाण्यात का सोडले? दुसऱ्यांनी विचारले होते की, इतके पैसे भरून मुलगा पहिल्या दिवशी नुसता वाळूवर का बसला? दोन्ही पत्रांस आम्ही आदरपूर्वक उत्तरे लिहिली; ती दोन्ही उत्तरे एकच होती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सरसकट बंदी ही मुलांस पाण्यापासून दूर ठेवीत नाही, ती फक्त शिक्षकांच्या नजरेपासून दूर ठेविते. ज्यास ‘कधीच नाही’ असे सांगितले आहे तो पहाटे पाचला, शिक्षक झोपेत असता, दोघा मित्रांना घेऊन जातो. आणि त्यास ना तिथी ठाऊक असते, ना खाडीचे तोंड. शाळा सोडून दोन वर्षांनी महाविद्यालयीन मित्रांबरोबर तो गोव्यास जाईल तेव्हा त्याच्या संगतीस कोणी सही करणारा असणार नाही. गोव्यातील मुख्य किनाऱ्यांवर २००८ सालापासून नेमलेले जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या निशाणांमधील जागा त्यांच्या देखरेखीखाली असते. नुसते लाल निशाण दिसले की उतरावयाचे नाही. त्यांच्या शिट्टीस हसणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. आमच्या कोकणात तर मैलोगणती किनाऱ्यांवर निशाणही नाही आणि शिट्टीही नाही. तेथे विचारण्याजोगा मनुष्य म्हणजे जाळे शिवणारा तो होडीवाला. त्यास विचारण्याची सवय मुलांस लावावयाची कोणी? आणि गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी, जेथे किनारा चार पावलांत खोल जातो व तशा पाट्याही लाविलेल्या आहेत, तेथे पाटी वाचून मुकाट्याने मागे फिरावयास शिकवावयाचे कोणी? आम्हांस वाटते हे शाळेचे काम आहे. पाढे शिकविण्याइतकेच ते तिचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल, की तुम्ही एकदा निभावलात, पुढच्या खेपेस होडीवाला चुकला तर? हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. दोरी, जोड्या, शिट्टी, सर्व असूनही समुद्र तो समुद्रच, आणि अकरा वाजल्यापासून बारापर्यंत आमच्या घशास कोरड पडली होती हे आम्ही कबूल करतो. बावीस मोजल्यावर आम्ही दोन वेळा पुन्हा बावीस मोजले. ज्या शिक्षकास तो तास सोसणार नाही त्याने मुलांस सिंहगडावर न्यावे. त्यात काही उणेपणा नाही. आणि ज्या दिवशी विचारण्यास कोणी भेटणार नाही, त्या दिवशी आम्हीही वाळूवरच बसू.

यंदाच्या सहलीचे संमतिपत्रक तयार करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. सहावी ओळ आम्ही खोडली असून तिच्या जागी तीन रिकाम्या जागा ठेविल्या आहेत : किनारा कोणता, त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता, आणि तेथील कोणास विचारले. त्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने भरावयाच्या आहेत. गेल्या वर्षीचा पदकवाला आता अकरावीत गेला आहे. सहलीस त्यास येता येणार नाही, परंतु डिसेंबरच्या तिथींचे कोष्टक त्याने परवा आणून दिले; पाऊणकीची एक चूक त्यात आहे, ती आम्ही दुरुस्त केली. मसुदा मुख्याध्यापकांच्या मेजावर ठेवून आज नऊ दिवस झाले. त्यांनी ‘नाही’ म्हटलेले नाही. फक्त सही अद्याप केलेली नाही.